दादाच्या दुकानातली खरवड

माणसांना हौसेने, आग्रह करकरून खाऊ घालायचं आणि त्यातून तिसऱ्याच माणसावर सूड उगवायचा, हे मला कुणी शिकवलेलं नाही. धंद्यात राहून शिकले.

परगावच्या पाहुण्यांना शहरात खायला फिरवणं हा माझा धंदा. आमच्या मालकांची एक छोटी कचेरी आहे, एक व्हॅन आहे आणि ती चालवणारे ड्रायव्हरकाका आहेत. काकांचं पोट असं नाजूक, की तळलेलं, तिखट, गोड यातलं त्यांना काहीच चालत नाही. घरून आणलेला मऊ भात खातात आणि आरशातून पाहुण्यांकडे बघत म्हणतात, "खा बाबांनो, माझ्या वाटचंही खा." बाकी सगळं माझ्याकडे. कुठल्या गल्लीत सकाळी जायचं, कुणाच्या गाडीवर दुपारनंतर चुकूनही जायचं नाही, कुठे उभ्याने खाण्यात मजा आहे आणि कुठे टेबल पकडून तासभर बसायचं, ते मी ठरवते. आमच्यात एक रीत आहे. पहिला घास माझा. पाहुणे अनोळखी गाडीपुढे बिचकतात. बाईने खाल्लं, बाई जिवंत आहे, असं दिसलं की त्यांचे हात पुढे येतात. मी चवीने खाल्लं तर ते दुप्पट खातात.

पण खरी कला आहे ती क्रमाची. हलकं आधी, जड नंतर. तिखट खाल्लं की मध्ये कोरा पाव आणि कोमट पाणी. नाजूक चवीचं जे असेल ते जीभ ताजी असताना, आणि भडक गोड सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर जिभेला दुसरं काही कळत नाही. हे नवं पोरगंसुद्धा महिन्याभरात शिकतं. पण शिकणं वेगळं आणि ते उलटं करून दाखवणं वेगळं.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. वडिलांचं मिठाईचं दुकान होतं, बाजाराच्या टोकाला, पुढे दोन बाकडी आणि मागे भट्टी. वडील गेल्यावर दादा गल्ल्यावर बसला, आई भट्टीपुढे उभी राहिली आणि मी आईच्या शेजारी. आमच्याकडे एकच गोष्ट अशी होती जी शहरात दुसरीकडे मिळत नसे. तिला आम्ही नुसतं खरवड म्हणायचो. रुंद कढईत दूध मंद आचेवर आटत ठेवायचं, तळाला ते जरासं लागू द्यायचं, लागलेलं खरवडून पुन्हा दुधात कालवायचं, पुन्हा लागू द्यायचं. सगळी सकाळ त्यात जायची. साखर जवळजवळ नाहीच. तोंडात टाकल्यावर आधी वाटतं, हे काय, काहीच नाही. मग जिभेच्या मागच्या बाजूने एक भाजकी गोडी हळूच येते आणि बराच वेळ जात नाही. आई हलवायची आणि मी चव सांगायचे. आता उतरव, अजून नको, आज लाकूड ओलं होतं, आज गाईने काहीतरी भलतंच खाल्लंय. मी 'हं' म्हटल्याशिवाय आई कढई खाली उतरवायची नाही.

माझं लग्न झालं तरी मी रोज पहाटे जायचे. सासर चार गल्ल्या सोडून होतं. गिऱ्हाइकं दादाला विचारायची, "आज ताईंनी चव बघितली ना? मग द्या." दादा हसून बांधून द्यायचा. दादा आतल्या गाठीचा. हसतो तेव्हा त्याच्यापासून जास्त सांभाळून राहावं, हे मला फार उशिरा कळलं.

मग पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात एक दिवस खरवड दिसायला लागली. आमच्याकडचाच एक जुना आचारी तिथे गेला होता, शेंबड्या पोरालाही कळलं असतं की कुणी नेली. पण दादाने आईला सांगितलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तुझी लेक त्यांच्या भट्टीपुढे पदर खोचून उभी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तर मागचं दार आतून लावलेलं. वहिनीने खिडकीतून अर्धं तोंड बाहेर काढलं.

"सासूबाई म्हणतायत, आता तुम्ही येऊ नका," ती म्हणाली.

"का?"

"तुम्हाला माहीत आहे म्हणे."

मला काहीच माहीत नव्हतं. ते मला बाजारातून, तिऱ्हाइताकडून कळलं. दादाने खोटं सांगितलं याचा राग आलाच, पण त्याहून मोठा राग दुसराच होता. आईने मला विचारलं नाही. माझ्याच जिभेवर विश्वास ठेवून जी बाई आयुष्यभर कढई उतरवत आली, तिने एकदाही मला समोर बसवून विचारलं नाही की हे खरं आहे का. मीही मग पायरी चढले नाही. दहा-बारा वर्षं झाली असतील. शहरभर लोकांना खायला घालते, पण त्या बाजारात माझी व्हॅन कधी वळली नाही. पाहुण्यांनी खरवडीचं नाव काढलं तर मी सांगायचे, "हो, होती म्हणे पूर्वी चांगली."

तर एक दिवस मालक म्हणाले, "उद्या मोठी माणसं येतायत. तुम्हीच न्या."

एका कंपनीची माणसं होती. गावोगावी त्यांची मिठाईची चकचकीत दुकानं. प्रत्येक शहरातला एक पदार्थ निवडायचा, करणाऱ्याच्या नावासकट डब्यावर छापायचा आणि सगळीकडे विकायचा, असं त्यांचं चाललं होतं. आमच्या शहरात तीन-चार दुकानं बघणार होते.

"पण ते नुसतं नावाला," मालक म्हणाले. "बाजाराच्या टोकाच्या त्या खरवडवाल्याचं जवळजवळ ठरलंय. त्यांनी त्याला फोटो काढून ठेवायलासुद्धा सांगितलंय डब्यासाठी. बाकी दिवस कसा काढायचा ते तुमच्यावर."

मी "बरं" म्हणाले आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. दादाचा फोटो. गावोगावच्या डब्यांवर दादाचा हसरा फोटो, आणि खाली लिहिलेलं की ही चव यांनी जपली. ज्याला आयुष्यात दूध लागलंय की करपलंय एवढंही वासावरून कळलं नाही, तो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मी होऊ देणार नव्हते. आणि दिवस कसा काढायचा ते माझ्यावर होतं.

मालकांची पद्धत अशी, की महत्त्वाचं दुकान सकाळी, पहिलं. मी त्यांना सांगितलं, चांगली गोष्ट शेवटी ठेवू या, त्यांच्या लक्षात राहील. मालकांना ते पटलं. मालक स्वतः दाढदुखीमुळे फक्त लापशी खातात, त्यांना काय फरक पडणार.

तिघं आली. मॅडम म्हणून सगळे जिला हाक मारत होते ती ठरवणारी, एक गुटगुटीत साहेब आणि एक नवा मुलगा ज्याला दोघं 'कॅमेरा' म्हणत. तिघंही चांगली माणसं होती, हेही सांगून टाकते. भुकेली, हसरी, प्रत्येक गाडीवाल्याला "कसं चाललंय" विचारणारी. माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं.

सुरुवात कापडबाजाराच्या मागच्या बोळात. तिथे एक बाई बटाट्याचे काप तळते, पातळ, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ, आणि त्यावर हाताने लसूण-मिरचीचा ठेचा लावते. नेहमी मी तिला सांगते, पाहुण्यांना ठेचा जरा बेताने. त्या दिवशी म्हणाले, "मावशी, आज हात आखडू नका." पहिला घास मी घेतला. कानातून धूर निघाला. मी मिटक्या मारत दुसरा घेतला. साहेबांनी प्लेट संपवून दुसरी मागितली.

मग कोर्टाच्या मागचा अंड्याचा कट्टा. वकील काळे कोट घालून उभ्याने खातात, कोटावर बलक सांडतो आणि तसेच आत जाऊन ओरडतात. लोण्यात परतलेली अंडी, वर काळी मिरी, बरोबर तव्यावर भाजलेला पाव. कॅमेराने एका वकिलाच्या टायचा फोटो काढला, वकिलाने त्याला स्वतःच्या प्लेटमधला एक घास दिला. मग नदीकाठी निखाऱ्यांवर सळीवर भाजलेला मासा, वर लिंबू आणि भरड मीठ, बोटांनी खायचा आणि काटे पाण्यात फेकायचे. कावळे आमच्यापेक्षा जास्त खाऊन गेले. मग दवाखान्यासमोरची नूडल्सची खोली, जिथे रोग्यांना बघायला आलेले नातेवाईक वाटीत तोंड खुपसून बसतात आणि बाहेर पडताना थोडे बरे दिसतात. रस्सा तिखट, गरम, नाकातून पाणी काढणारा. मॅडमने ओढणीने नाक पुसलं.

"इतकं मोकळं वाटतंय ना," ती म्हणाली. "सर्दीच गेली माझी."

"अजून घ्या," मी म्हणाले. "रस्सा ठेवायचा नसतो."

कोरा पाव कुणाला दिला नाही. कोमट पाणीही नाही. जिथे जायचे तिथे मीच आधी आणि मीच जास्त खात होते, कारण मी खाल्लं तरच ती खाणार. जेवढी आग त्यांच्या जिभेवर तेवढीच माझ्या. काका आरशातून माझ्याकडे बघत होते. नेहमीच्या दिवशी मी कुठे एक घास, कुठे अर्धा घेते, हे त्यांना माहीत होतं.

सिनेमाघरापाशी मक्याची कणसं घेतली, तिखट-मीठ चोळून. ती खात रस्ता ओलांडला आणि मग पैलवानाच्या दुकानात गेलो. पैलवान एकेकाळी कुस्ती खेळायचा, आता पिठाचे गोळे तळून पाकात सोडतो. कंपनीने बघायच्या दुकानांत हेही होतं. गोळे चांगलेच आहेत, मी नावं ठेवणार नाही. पण ते गोड म्हणजे इतके गोड, की दाताच्या मुळाशी झिणझिण्या येतात. मी त्याला म्हटलं, गरम दे आणि वाटीत पाकही भरपूर घाल. तिखटाने सोलून निघालेल्या जिभेवर तो गरम पाक गेला आणि तिघांनी डोळे मिटले.

"आई गं," साहेब म्हणाले, आणि पाक पिऊन वाटी चाटली.

मीही वाटी चाटली. शेवटी बर्फवाला. बर्फाचा चुरा, वर लाल-पिवळी सरबतं. एकदम थंडगार. बर्फाने जीभ जी बधिर होते, ती संध्याकाळपर्यंत ठिकाणावर येत नाही. तिघं पोरांसारखी जीभ बाहेर काढून कुणाची जास्त लाल झाली ते बघत होती. माझीही काढायला लावली. माझीच सगळ्यात लाल होती.

व्हॅनकडे जाताना काका हळूच म्हणाले, "ताई, आज सगळं उलटं चाललंय तुमचं."

"गाडी काढा काका."

"काढतो. मला काय करायचंय. पण आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं पुष्कळ बघितलीत मी. नाक परत येत नाही."

मी दार लावून घेतलं. मला त्या वेळी माझ्या नाकाची काही पडलेली नव्हती.

दुकान बदललं होतं. पुढे काच, आत गारवा, बाकड्यांच्या जागी गुळगुळीत टेबलं. दादा नवीन सदरा घालून दारातच उभा होता. आधी मॅडमला बघून हसला, साहेबांना बघून हसला, मग मला बघितलं. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण नजर दुसरीकडे सटकली. त्याला फक्त एवढंच सांगितलेलं होतं, की कचेरीची बाई घेऊन येईल. ती बाई कोण, हे त्याला कोण सांगणार.

"या," तो म्हणाला. पाहुण्यांसमोर दुसरं काय म्हणेल. मला त्याने खुर्ची ओढून दिली. दहा-बारा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"ही आमच्या शहराची शान," मी पाहुण्यांना सांगितलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात. "सावकाश खा. हिची चव हळू येते."

पांढऱ्या बशांतून खरवड आली. चौकोनी तुकडे, वर तांबूस पापुद्रा. दिसायला अगदी तशीच. मॅडमने चमचाभर घेतली, चघळली, थांबली. पुन्हा एक चमचा घेतला. साहेबांनी पोटावरून हात फिरवला आणि अर्धा तुकडा ठेवून दिला. कॅमेराने फोटो काढला आणि खाल्लंच नाही.

"हं," मॅडम म्हणाली. "छान आहे. जरा... सौम्य आहे ना?"

"पिठूळ लागतेय मला," साहेब म्हणाले. "ते मघाचे गोळे काय होते हो."

दादाचा चेहरा उतरला. तो घाईघाईने म्हणाला, "आज खास आईने स्वतः केलीय. हल्ली ती उभी राहत नाही, पण तुम्ही येणार म्हणून सकाळपासून कढईपाशी होती. अजून एक बशी देतो ना, ताजी."

"नको नको, पोटात जागाच नाही," मॅडम हसून म्हणाली आणि चमचा खाली ठेवला. त्या चमच्याचा आवाज मला फार गोड लागला. दिवसभरात जे काही खाल्लं त्याहून गोड.

तेवढ्यात मागचा पडदा हलला आणि आई बाहेर आली. माझा आवाज तिने आतूनच ओळखला असणार. खूप बारीक झाली होती. मनगटावरच्या भाजल्याच्या जुन्या खुणा आता सुरकुत्यांत मिसळल्या होत्या. हातात छोटी बशी होती आणि ती पाहुण्यांकडे न बघता सरळ माझ्याकडे आली.

"आई, तू आत बस," दादा म्हणाला. "पाहुणे आहेत."

"पाहुण्यांचं तू बघ. मी हिला विचारतेय." तिने बशी माझ्यापुढे धरली. "मला हल्ली चव लागत नाही गं. औषधांनी गेली. अंदाजाने करते. हा म्हणतो चांगली झालीय, पण याला काय कळतंय. तू सांग."

इतक्या वर्षांत तिने माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी तुकडा उचलला. तोंडात टाकला. वाट बघितली. लहानपणी बघायचे तशी डोळे मिटून, जिभेच्या मागच्या बाजूने काहीतरी येईल म्हणून वाट बघितली. काहीच आलं नाही. मिरचीची आग होती, पाकाचा चिकटा होता, बर्फाचा बधिरपणा होता. खडू आणि लोणी यातला फरकसुद्धा मला त्या वेळी कळला नसता.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"छान झालीय," मी म्हणाले.

"छान?"

"हो. अगदी बरोबर."

आईच्या कपाळाला आठी पडली. मग म्हणाली, "तू कधी छान म्हणाली आहेस का मला? काहीतरी कमी काढल्याशिवाय सोडायची नाहीस." तिने माझ्यापुढची बशी मागे घेतली. आवाज चढवला नाही, उलट उतरला. "विसरली म्हणायची तुझी जीभ. दुसऱ्यांच्या भट्टीचं खाऊन खाऊन." आणि ती दादाकडे वळली. "तू म्हणत होतास ते खरंच होतं तर. मला कधीकधी वाटायचं, आपण हिला विचारायला हवं होतं."

दादाने मान खाली घातली आणि आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

एक वाक्य पुरेसं होतं. आई, मला आज चवच लागत नाहीये, यांनाही लागत नाहीये, मी सकाळपासून मुद्दाम सगळ्यांच्या जिभा मारून आणल्या आहेत. उद्या उपाशीपोटी येते, मग सांगते. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण मॅडम शेजारीच उभी होती. बोलले असते तर ती म्हणाली असती, मग उद्या सकाळी आम्हीही येतो, आणि दादाचा फोटो डब्यावर गेला असता. आणि दुसरं असं, की आई दादाशी बोलत होती. विचारायला हवं होतं असं ती म्हणाली, पण तेव्हाही मला विचारत नव्हती. माझा राग पुन्हा उसळला. मूग गिळून मी पर्स खांद्याला लावली.

"चला मॅडम," मी म्हणाले.

दादाने तिघांना तीन डबे बांधून दिले. तिघांनी हसत घेतले. आई तोवर पडद्याआड गेली होती.

व्हॅनमध्ये सगळी बोलणी पैलवानाच्या गोळ्यांची. साहेब म्हणाले, पाक हवाबंद डब्यात टिकतो, सोयीचं आहे. मॅडम म्हणाली, त्या पैलवानाचा फोटो काय जबरदस्त येईल डब्यावर. ठरल्यासारखंच होतं, आणि आठवड्याभरात तसं ठरलंही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दादाने दुकानाला काच बसवली होती, टेबलं आणली होती, सदरा शिवला होता, आणि सगळं मुसळ केरात गेलं. पाहुणे उतरले तेव्हा मी हात हलवून निरोप दिला आणि काकांना म्हणाले, "बघा, आहे की नाही नाक जागेवर?" काकांनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तीन डबे तिथेच राहिले होते, एकाचीही दोरी सुटलेली नव्हती.

एक डबा मी घरी आणला. का आणला, ते विचारू नका. नवऱ्याने आणि मुलीने विचारलं, काय आहे. मी म्हटलं, हात लावायचा नाही.

सकाळी उठले, चूळ भरली, चहासुद्धा घेतला नाही. खिडकीपाशी उभी राहून एक तुकडा तोंडात टाकला. आधी काहीच नाही. मग ती आली, भाजकी, सावकाश, जशी यायची तशी. दूध बरोबर लागलं होतं. कुठे करपलेलं नव्हतं. ज्या बाईची जीभ गेली आहे तिने नुसत्या हाताच्या अंदाजाने इतकं बरोबर आणलं होतं. पण शेवटी ती गोडी जिभेवर रेंगाळायला हवी होती, तिथे ती तुटली. मला लगेच कळलं. कढई उतरवताना चिमूटभर मीठ पडतं. खारट लागण्यासाठी नाही, त्याने गोडी टिकते. ते ती विसरली होती. तिला कळणारच नव्हतं, कारण ते हाताला जाणवत नाही, जिभेलाच जाणवतं.

मीठ कमी आहे. एवढंच मला काल सांगायचं होतं. एवढं सांगितलं असतं तर तिने मान डोलावून "हं, वाटलंच" म्हटलं असतं, आणि माझ्याविषयी कुणी काहीही सांगितलं तरी तिने ऐकलं नसतं.

मी दुकानात फोन लावला. दादाने उचलला.

"आईला सांग, मीठ कमी आहे," मी म्हणाले. "मी सांगितलं म्हणून सांग."

त्यालाही कळलं होतं की हे आईपर्यंत गेलं तर काय होईल.

"सांगतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता मी महिन्यातून एकदा काकांना त्या बाजारात पाठवते. ते आत जात नाहीत, कुणालातरी सांगून मागवतात आणि मला आणून देतात. सकाळी चूळ भरून, उपाशीपोटी मी एक तुकडा खाते. दूध दर वेळी बरोबर लागलेलं असतं. मीठ अजून कमीच आहे.